कोंड्याच्या खोलीतली फुलवंताबाई

"रडणं पॅकेजमध्ये येते, का ते अलग?"

नवरीच्या काकांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात जिलेबीची प्लेट होती. पिंटूभैया, म्हणजे लग्नाच्या लॉनचे मालक, हसले. "सब इन्क्लूडेड है, अंकल. दुल्हन को रोना ही नहीं पड़ेगा. मेकअप सेफ. रोना हमारी तरफ से."

दोघंही खूप हसले. मी फाइल छातीशी धरून बाजूला उभी होते. ब्रायडल रूमच्या दारात एक म्हातारी बाई उभी होती, ओठांत तीन-चार सेफ्टी पिना धरून. तिने त्या एकेक करून काढल्या, पदराला लावल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "माह्याकडून, म्हन."

मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पिंटूभैयांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. ही फुलवंताबाईची माझी पहिली आठवण.

मुर्रीच्या रस्त्यावरच्या त्या लॉनवर मी नुकतीच नोकरीला लागले होते. पिंटूभैयांना इंग्रजी लिहिणारी मुलगी हवी होती. रायपूर-नागपूरच्या पार्ट्यांना मेल करायचे, फोटोंखाली चार ओळी लिहायच्या. बोलायचं काम त्यांच्याकडे भरपूर लोक करत होते, त्यामुळे माझ्यासारख्या कमी बोलणारीचं जमलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. गोंदियात बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि घरात जपून वापरायची मराठी. आई शेजारणींशी एका भाषेत बोलायची आणि मी आले की लगेच दुसरीत. ती पहिली भाषा मला सगळी कळायची, पण तिच्यातलं एक वाक्य मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. फुलवंताबाई दिवसभर त्याच भाषेत बोलायची, तेही मोठ्याने.

सकाळी मी फाटकातून आत शिरले की ती ब्रायडल रूमच्या पायरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, "आली का वो बाई?"

दुसऱ्या कोणाला ती असं विचारायची नाही. मला वाटायचं, उशिरा येते म्हणून टोमणा मारते आहे. मी नुसती मान हलवून ऑफिसात जायची.

तिचं काम नवरीला साडी नेसवणं, पिना लावणं, केस बांधणं. हात चपळ होते आणि तोंड वाईट. केसांना काळा रंग लावायची, पर्समध्ये पावडरची डबी ठेवायची, आणि चहा पहिल्यांदा आपल्याला मिळाला नाही तर तो परत पाठवायची. ब्युटी पार्लरच्या मुली तिला घाबरत. एका नवरीने पदर चुकीचा घेतला म्हणून तिने दंडाला असा चिमटा काढला की पोरगी कळवळली. "दुखलं? मंग आज सरळ उभी राहशील."

कोणी मोबाइल वर धरला की तिचा पहिला प्रश्न: "चालू हाय का बंद?"

चालू असेल तर तिचा चेहरा क्षणात बदलायचा. डोळे ओले, मान कलती, नवरीच्या गालावरून हात, "सुखात राहा माय, दोन्ही घरं उजळ." बंद झाला की तोच हात झटकायची. "नवरा पायला का इचा? उंदरासारखा हसते." हे मी इतक्या वेळा पाहिलं, की तिचा नेमका खरा चेहरा कोणता हे विचारायचंच सोडून दिलं. दोन्ही चेहरे तिने कमावलेले होते.

सगळे तिला 'फिल्मी माय' म्हणत. त्याचं कारण ती जागा.

आजचा लॉन पूर्वी पिंटूभैयांच्या वडिलांच्या राइस मिलचं धान वाळवायचं मैदान होतं. शेठजींना सिनेमाचं वेड. सीडीवर झाडीबोलीतले, म्हणजे आमच्याकडच्या बोलीतले, आणि छत्तीसगढीतले सिनेमे गावोगाव खपायला लागले, तेव्हा त्यांनी धान हलवलं आणि तिथे स्टुडिओ उभा केला. स्टुडिओ म्हणजे एक लांबलचक खोटी भिंत. मधे घराचा दर्शनी भाग, ओसरी, तुळस. उजवीकडे पोलीस ठाणे, डावीकडे शाळा. पाटी बदलली की शाळेचा दवाखाना व्हायचा. भिंतीच्या मागे काही नाही, नुसते बांबूचे टेकू. भिंत अजून आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. पोलीस ठाण्याच्या दारातून आत गेलं की आता पुरुषांचं टॉयलेट लागतं.

शेठजींनी एकच गोष्ट पक्की बांधली, आवाज भरायची खोली. नागपूरच्या रेकॉर्डिंगवाल्याने सांगितलेलं सामान महाग होतं. शेठजींकडे कोंडा फुकट होता. त्यांनी दुहेरी भिंती घातल्या, मधल्या फटीत मिलचा कोंडा ठासला आणि आतून बारदान ठोकलं. दार लावलं की रेल्वेसुद्धा ऐकू येत नाही. फक्त कोंड्यातले किडे यायचे, आणि ऐन बोलण्यात एखादा किर्रर्र करायचा. मग सगळे चपला घेऊन त्याच्या मागे. तीच खोली आता ब्रायडल रूम. बारदानावर गुलाबी कापड चढवलं आहे, पण पावसाळ्यात अजून गिरणीचा वास येतो.

मोबाइल आले, सीड्या गेल्या. शेठजींनी मैदानात परत धान भरलं. नंतर तिथे कोचिंग क्लास चालला. कोरोनात खाटा टाकल्या होत्या. शेठजीही त्याच सुमारास गेले, आणि मग पिंटूभैयांनी हिरवळ लावली. फुलवंताबाई हे सगळं होत असताना तिथेच होती. कधी झाडू, कधी चहा, कधी खाटांवरच्या चादरी. "पहिले धान वाळवलं," ती म्हणायची, "मंग पोट्टे वाळवले, मंग मानसं वाळवली. आता फुलं वाळवून राहिले." आणि कोरोनाबद्दल एकदाच: "त्या साली इथं खरंच मेले लोक. एकानं बी शूटिंग केली नाही."

जुन्या दिवसांची तिची आवडती गोष्ट पोलीस ठाण्याची. दरेकशाकडच्या जंगलातून एक म्हातारा पायी-रेल्वेने शहरात आला होता. बकरी चोरीला गेली होती. स्टेशनबाहेर कोणीतरी मस्करीत त्याला मुर्रीकडे पाठवलं. तो येऊन खोट्या ठाण्याच्या खोट्या दारासमोर हात जोडून बसला. शूटिंगला सुट्टी होती. ही चहाची भांडी घासत होती.

"मी म्हटलं, बाबाजी, उठ गा. हे ठाणं खोटं हाय. माघं पाय, बांबू हायेत. तो गेला, माघं पायलं, परत आला. म्हने, मंग खरं कोठी हाय? मी रस्ता सांगितला. म्हटलं, तेथी बी माघं काहीच नाही, पर रंग पक्का हाय."

हे सांगून ती हसायची नाही. आपण हसलो तर बघत राहायची.

ती स्वतः दरेकशाची. मोह वेचणं, तेंदूपत्ता तोडणं, मग लग्न, मग नवरा गेल्यावर गोंदियात शेठजींच्या घरी स्वयंपाकाचं काम. तिथून ती स्टुडिओत युनिटचा भात रांधायला आली होती. पहिल्याच सिनेमात मुलीच्या बिदाईचा सीन होता आणि आईचं काम करणारी बाई नागपूरहून आणलेली. तिने डोळ्यांत ग्लिसरीन घातलं, रुमाल धरला आणि सुंदर, मुकाट रडली. फुलवंताबाई चहा घेऊन उभी होती. ती फसकन हसली. डायरेक्टर चिडला.

"मंग काय करू? अशी रडते का कोनी? हिची पोरगी जाऊन राहिली, का बस सुटून राहिली?"

"तू रडून दाखव मग."

तिने ट्रे खाली ठेवला आणि रडली.

हे रडणं शहरात आता कोणाला माहीत नाही, म्हणून सांगते. आमच्याकडच्या जुन्या बायका नुसत्या रडत नाहीत. गळ्यात पडून, सूर लावून, शब्दांत रडतात. पोरगी सासरी निघाली तर तिला काय काय सुटणार ते एकेक सांगायचं: अंगण, गाय, मैत्रिणी, विहीर. माणूस मेलं तर त्याचं काय काय मागे राहिलं ते सांगायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांब 'वो'. दोन्हीचा सूर जवळचा आहे. शब्द वेगळे. माझी आजी रडायची म्हणे. आई हुंदके देते. मी बाथरूममध्ये जाते.

त्या दिवशी नागपूरची बाई संध्याकाळच्या गाडीने परत गेली आणि फुलवंताबाई त्यानंतरच्या प्रत्येक सिनेमात आई झाली. भात दुसरी बाई रांधू लागली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे पडद्यावर हे सिनेमे लागत. ती एकदा अर्जुनीकडे मंडईला गेली होती तर बायकांनी तिला ओळखून गराडा घातला. एकीने लेकीला तिच्या पायांवर घातलं. हे सांगताना मात्र तिचा आवाज बदलायचा. "मी बी लई फुगली तेव्हा. खोटं कायले बोलू?"

आता ते पॅकेजमधलं रडणं.

पिंटूभैयांना जुन्या सामानात तिच्या रडण्याची टेप सापडली. त्यांनी ती साफ करून घेतली, वर सनई चढवली, इको दिला. नवरी मांडवातून निघाली की साउंडवाला सोनू बटण दाबायचा. लॉनभर ते रडणं पसरायचं. माणसांचे डोळे खरंच भरून यायचे, व्हिडिओ छान यायचा. गाडी फाटकाबाहेर पडली की सोनू आवाज हळूहळू खाली आणायचा आणि लगेच साफसफाईवाल्यांसाठी रेडिओ लावायचा. सनईखाली शब्द नीट कळायचे नाहीत. कोणी ऐकतही नव्हतं. मीही नाही.

आणि दर बिदाईच्या वेळी फुलवंताबाई ब्रायडल रूममध्ये जाऊन दार लावून बसायची. सगळे म्हणत, कामचुकार आहे, सामान उचलायच्या वेळी पळते. मीही तेच धरून चालले होते.

त्या उन्हाळ्यात आमगावकडच्या एका कुटुंबाचं लग्न होतं. नवरीची पणजी खुर्चीवर बसवून आणलेली, जवळजवळ आंधळी, अंगावर नऊवारी लुगडं. बिदाई सुरू झाली, सोनूने बटण दाबलं. म्हातारीने मान वर केली. थोडं ऐकलं. मग काठी टेकून उभी राहिली.

"बंद करा गा! कोन मेलं इथं?"

नातवंडं धावली. "आजी, फिल्म का है. साउंड है."

"मले नको शिकवू. हे मेल्याचं रडणं हाय. पोरीच्या तोंडावर काऊन वाजवून राहिले?"

"बी.पी. की गोली दी क्या आजी को?" कोणीतरी विचारलं. नवरीची आई म्हातारीला पाणी पाजायला लागली. नवरी गाडीत बसली. कॅमेरा तिकडे वळला. एवढ्यात माझ्या मागे दार उघडलं. फुलवंताबाईला म्हातारीचं ओरडणं कसं ऐकू गेलं मला माहीत नाही, दार बहुधा नीट लागलं नव्हतं. ती सरळ खुर्चीपाशी गेली आणि खाली बसली. म्हातारीने हाताने चाचपून तिचा चेहरा धरला.

"तुहा आवाज हाय का?"

"हो."

"कोन गेलं तुहं?"

"माय."

"कधी?"

"लई साल झाले, आजी."

"आनि अजून रडून राहिली?"

"मी नाही," फुलवंताबाई म्हणाली. "हे लोक."

त्या दिवशी लॉन रिकामा झाल्यावर तिने मला हाताने खुणावलं. कोंड्याच्या खोलीत मी पहिल्यांदा दार लावून बसले. कानांना दडे बसल्यासारखं झालं. तिने आधी माझ्या मोबाइलकडे बोट केलं. "चालू हाय का बंद?"

मी तो बंद करून दाखवला.

मग तिने सांगितलं. तिसऱ्या सिनेमाचा आवाज भरायचा होता. रेकॉर्डिंगवाला नागपूरहून आला होता, त्याला संध्याकाळी परत जायचं होतं. सकाळी दरेकशाहून निरोप आला, माय गेली. ही शेठजींकडे गेली. शेठजी वाईट माणूस नव्हते, असं ती म्हणाली, ते रडलेसुद्धा. मग म्हणाले, "फुलवंता, एवढी बिदाई करून जा. माणूस परत मिळणार नाही." माणूस म्हणजे रेकॉर्डिंगवाला.

"मले याच खोलीत उभं केलं. कानाले ते लावलं. समोर पडद्यावर मी, ती पोरगी. म्हने, रड. मी तोंड उघडलं आनि मायचं निघालं. पोरीचं आलंच नाही. चुलीची राख, दांडीवरचं लुगडं, मोहाची टोपली. म्या काय केलं ते मले समजून राहिलं होतं. पर थांबता येईना. मधातच डायरेक्टरनं हात वर केला. बस, सीन संपला, गाडी गेली. काच होती ना तिकडं, काचेच्या माघं सारे टाळ्या वाजवून राहिले होते. आवाज येत नव्हता. नुसते हात."

"कोणालाच कळलं नाही?" मी विचारलं. मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"शब्द कोन ऐकते? म्हने, पावसासारखी रडली." ती खर्रा चघळत राहिली. "पॅसेंजरनं गेली मी. स्टेशनवरून धावत. माती देऊन झाली होती. बाया हातपाय धुऊन राहिल्या होत्या. आता कोनासमोर रडू? अर्धं इथं राहून गेलं होतं."

एक ओळ उरली होती, शेवटची. ती म्हटल्याशिवाय रडणं मिटत नाही, असं तिची माय सांगायची. डायरेक्टरच्या हाताने ती तोंडातच राहिली, आणि नंतर कुठे म्हणायची ती वेळच आली नाही.

मी विचारलं, काय होती?

तिने सांगितली. सूर न लावता, दुकानात सामान सांगावं तशी. ऐकून मी खाली बघायला लागले, कारण त्या ओळीतले चार शब्द मी रोज सकाळी फाटकात ऐकत होते आणि टोमणा समजत होते.

"माय अंगनात बसून रायची," ती म्हणाली. "मी गाडीनं आली का मान वर नाही करायची. हातानं काम चालू. तुह्यासारखंच मी बी काही बोलत नव्हती. सरळ घरात."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. पावडर लावलेली, केस नीट. मी माझ्या टेबलाशी होते. तिने पिंटूभैयांना सगळं सांगितलं, तिच्या मानाने नरम आवाजात. ते आईचं आहे, मरणाचं आहे, लग्नात वाजवू नका.

पिंटूभैयांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मौसी, इतने साल बाद? पापा के टाइम में तो आपने कभी नहीं बोला."

"तेव्हा सिनेमात होतं. मंडईत वर्षाले एकदा. आता रोज वाजते."

"लोगों को पसंद है. और देखो, बुरा मत मानना, रिकॉर्डिंग तो स्टूडियो की है. आवाज आपकी, मशीन हमारी." मग त्यांना तोडगा सुचला. चेहरा उजळला. "एक काम करो, नया रिकॉर्ड कर दो. बिदाई वाला, प्रॉपर. अच्छा माइक मंगवाता हूँ."

फुलवंताबाईने पदर खोचला.

"आता मरायले कोनी उरलं नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

पिंटूभैयांनी माझ्याकडे पाहिलं. "समझी नहीं वो. मैं बिदाई का बोल रहा था." मी स्क्रीनकडे बघत राहिले. मला फोटोंखाली लिहायचं होतं: टियर्स ऑफ जॉय.

त्यानंतर तिने पुन्हा विनंती केली नाही. तिने दुसरंच सुरू केलं. पिना लावता लावता प्रत्येक नवरीच्या कानात सांगायची, "मांडवातून निघाली का कानात बोटं घाल. गाडी लागेपर्यंत काढू नको." नवऱ्या हसायच्या. एकीने खरंच बोटं घातली आणि तिच्या व्हिडिओवरून पिंटूभैयांना पार्टीचं ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी फुलवंताबाईला दोन दिवस घरी बसवलं. ती घरी गेली नाही, कारण घर नव्हतं. कोंड्याच्या खोलीमागच्या पडवीत शेठजींच्या शब्दावर ती राहायची, तिथेच दोन दिवस बसून राहिली. बिदाईच्या वेळी मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. खोलीला कुलूप होतं, आत जाता येत नव्हतं. ती पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली होती, कोंड्याच्या भिंतीला कान लावून. दुसऱ्या कानावर हात.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कोणी नव्हतं.

ती गेली त्या दिवशी ऊन भयंकर होतं. लग्न मोठं होतं, कुठल्याशा कंत्राटदाराच्या मुलीचं. नवरी स्टेजवर होती. तिची शाल राहिली म्हणून मी ब्रायडल रूममध्ये गेले. कूलर चालू होता. फुलवंताबाई आरशासमोरच्या खुर्चीवर बसली होती, मान एका बाजूला. मला वाटलं, कोणीतरी कॅमेरा चालू केला आहे, इतका चेहरा निवांत होता. पदराला पिना ओळीने लावलेल्या. मी दोनदा "मावशी" म्हटलं. तिसऱ्यांदा हात लावला.

पिंटूभैया आले. त्यांनी तिच्या नाकाशी बोट धरलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते स्वतःच बडबडत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "अभी किसी को बोलना मत. शादी का घर है, अपशकुन मानेंगे. बिदाई हो जाने दो. तब तक पीछे के गेट से निकालते हैं."

दरेकशाला तिचा भाचा होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, आणा, संध्याकाळच्या आत आणा. मांडवाचं सामान आणणारी पिकअप मागच्या फाटकाशी लागली. स्टेजखालच्या सतरंज्यांतली एक जरा बरी बघून काढली. मांडवाच्या दोन माणसांनी आणि साफसफाईच्या रेखाताईने तिला उचललं. मी पुढे दार धरत होते.

मागच्या फाटकाची वाट खोट्या भिंतीच्या मागून जाते. बांबूचे टेकू, खिळे, उलट्या बाजूने दिसणारं सगळं. उलटं घर, उलटी शाळा. पलीकडे लोक असल्याचं फटींतून कळत होतं, रंगीत कपडे हलत होते. पुरुषांच्या टॉयलेटचा वास येत होता. आम्ही पोलीस ठाण्याच्या मागे पोचलो आणि पलीकडे सोनूने बटण दाबलं.

*माय वो, तुह्या चुलीची राख अजून गरम हाय वो…*

मांडवाची माणसं थबकली. त्यांनी हे रडणं शेकडो लग्नांत ऐकलं होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सतरंजीकडे, आणि त्यातला मोठा हळूच म्हणाला, "इचाच हाय ना आवाज?" रेखाताईने पदर तोंडात कोंबला.

"चला," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी गरम होऊन राहिली."

*माय वो, तुहा लुगडा दांडीवर वाळून राहिला वो…*

त्यांनी तिला पिकअपमध्ये ठेवलं, मांडवाचे खांब बाजूला सारून. उन्हात तिच्या भांगातला पांढरा पट्टा दिसत होता, रंग लावायचा राहिला होता. गालावर पावडर होती. भिंतीपलीकडे बायका मुसमुसत होत्या, कोणीतरी "इधर, इधर देखो, बेटा" म्हणत होतं. नवरीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

*माय वो, मोहाखाली तुही टोपली तशीच वो…*

पुढच्या फाटकातून गाडी गेली असावी. आवाज हळूहळू उतरला, नेहमीसारखा, आणि बंद झाला. अजून रेडिओ लागला नव्हता. ड्रायव्हरने पिकअपचं मागचं फळकूट वर केलं. रेखाताई माझ्याकडे बघत होती. घरची बाई कोणीच नव्हती आणि आता कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

मी फळकुटावर हात ठेवला. सूर मला येत नव्हता. तरी तोंड उघडलं आणि मोठ्याने म्हटलं,

"माय वो, आता 'आली का वो बाई' मले कोन म्हनल वो…"